गाडीला रोज हार

फुलांच्या दुकानात संध्याकाळी उरलेली फुलं झाडून टाकावी लागतात. किस्से मात्र झाडून जात नाहीत, साठत राहतात. माणगावच्या एसटी स्टँडसमोर माझं छोटं दुकान आहे. हार, वेण्या, लग्नाच्या मुंडावळ्या, आणि आता काही वर्षांपासून फेब्रुवारीत गुलाब. हार ओवायला विमलमावशी बसतात. माझ्या वडिलांच्या वेळेपासून त्या इथेच आहेत, त्यामुळे दुकान माझं असलं तरी शब्द त्यांचा चालतो.

*

तो गुलाबांचा दिवस आला कुठून, असं मावशींनी एकदा पालकर गुरुजींना विचारलं. गुरुजी रिटायर झालेत, रोज देवपूजेची फुलं न्यायला येतात आणि तासभर बसतात. ते म्हणाले, "खरं-खोटं कोणालाच नीट ठाऊक नाही. पण सांगतात की फार पूर्वी परदेशात एक धर्मगुरू होता. राजानं लग्नांवर बंदी घातली, तर हा चोरून लग्नं लावायचा. पकडला गेला आणि राजानं त्याला मारलं. तोच हा दिवस."

मावशींची सुई थांबली. "म्हंजे पुण्यतिथी हाय!"

दुसऱ्या दिवशी मी माल घेऊन आलो, तर दुकानाबाहेर टांगलेल्या लाल थर्माकोलच्या बदामाला मावशींनी तगरीचा पांढराशुभ्र हार घातला होता, खाली उदबत्ती. म्हणाल्या, "त्या बाबाचा फोटो मिळाला न्हाय, मंग काय करू?"

कॉलेजचा एक पोरगा गुलाब घ्यायला आला. बदामाकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "काका, कोणाचं ब्रेकअप झालं?"

*

आता दत्ता. हा इथल्याच एका वाडीतला, न्हावा शेव्याच्या बंदरावरून कंटेनरचा ट्रेलर चालवतो. हायवेने जाता-येता आमच्याकडे थांबतो आणि गाडीला झेंडूचा ताजा हार घेतो, लिंबू-मिरचीसकट. उशीर झाला असेल, पाऊस असेल, ताप असेल, हार चुकत नाही. कालचा कोमेजलेला हार उतरवून हात जोडायचे, नवा घालायचा, मगच स्टार्टर. "गाडी उपाशी ठेवायची न्हाय," असं तो म्हणतो.

दिवाळीनंतर त्याची बायको सुरेखा माहेरी निघून गेली, आगरदांड्याला. मारहाण नाही, दारू नाही. जाताना एवढंच म्हणाली, "आठ वर्षं झाली. गाडीला रोज ताजा हार आणता. मला कधी एक फूल आणलंत?"

दत्ताने हे आम्हाला सांगितलं तेव्हा त्याच्या हातात गाडीचा हारच होता. मावशींनी मान खाली घातली. मला त्याची कीव आली आणि सुरेखाचंही पटलं.

*

तशा चौदा फेब्रुवारीला गुलाब नेणाऱ्यांच्या सगळ्याच गोष्टी धड होतात असं नाही. एक आजोबा आहेत, भातशेती करतात, बाजाराच्या दिवशी गावातून येतात. मुंबईच्या नातीने फोनवर त्यांना भरीस पाडलं, आजीला गुलाब द्याच म्हणून. आजोबांनी छान गुच्छ बांधून घेतला, पिशवीत वांग्यांच्या खाली लपवला आणि लाजत लाजत एसटीत बसले.

पुढच्या बाजाराला आले ते वैतागूनच. "अहो, फुलं बघून ती रडायलाच लागली. म्हनते, डाक्टरनी तुमाला माझं काय वेगळं सांगितलंय काय?"

आम्ही हसलो. पण मावशी म्हणाल्या, "खरंच हाय तिचं. आपल्यात बाईला फुलांचा गुच्छ कधी मिळतो? दवाखान्यात!" मग आमचं हसू जरा ओशाळलं.

*

आमच्या इथल्या बँकेतल्या मॅडमचं उलटं. दरवर्षी एकच पिवळा गुलाब नेतात. एकदा मी सहज विचारलं, "कोणासाठी, मॅडम?" त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी. ऑफिसच्या टेबलावर ठेवते. लोकांना वाटतं कोणीतरी दिला, आणि मला वाटतं, दिला की कोणीतरी!"

त्या गेल्यावर मावशी म्हणाल्या, "बाय हुशार हाय."

*

सुरेखा गेल्यानंतरच्या चौदा फेब्रुवारीला दत्ताही आला होता. म्हणाला, दुकानातला सगळ्यात भारी गुच्छ द्या. मावशींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "तिला कुठलं फूल आवडतं?" हा प्रश्न त्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतात आणि बहुतेक पुरुष त्यावर रस्त्याकडे बघतात. दत्ताने ट्रेलरकडे बघितलं.

शेवटी लाल गुलाब, चमकीचा कागद, रिबीन असं सगळं घेऊन तो गेला. दिघीला धक्क्यावर ट्रेलर लावला, फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला उतरला, सासऱ्यांच्या दारात उभा राहिला. सुरेखाने गुच्छ हातात घेतला, फिरवून बघितला आणि विचारलं, "कोणी निवडला?"

दत्ता खोटं बोलत नाही. "मावशींनी."

"चांगला हाय. मावशींना सांगा," म्हणाली आणि आत गेली.

*

मग बरेच दिवस तो नुसता यायचा, हार घ्यायचा, जायचा. एका सकाळी मावशींनी त्याला दुकानातच बसवलं आणि म्हणाल्या, "सासूला फोन लाव." त्याने स्पीकरवर लावला.

"आई, सुरेखाला फूल कुठलं आवडतं?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आठ वर्षांनी इचारताव?" आणि फोन बंद.

दत्ता फोनकडे बघत राहिला. थोड्या वेळाने फोन वाजला. "बकुळ," सासूबाई म्हणाल्या. "आनि मी सांगितलं असं सांगू नका."

बकुळ दुकानात मिळत नाही. दत्ताने गुलाबांच्या बादल्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मावशी म्हणाल्या, "ती इकत घ्यायची नसते. झाडाखाली पडते, वाकून वेचायची."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो आला. शर्टाच्या झोळीत देवळामागच्या बकुळीची फुलं, गुडघ्यांना माती, सगळं अंग घमघमत होतं. मावशींनी ओवायला हात पुढे केला, तर म्हणाला, "न्हाय. मीच करतो." ट्रेलरचं स्टिअरिंग धरणारे ते हात, आणि ती इवलीशी फुलं! अर्धी चुरगळली. बाहेर त्याच्या ट्रेलरमागे अडकलेले ट्रकवाले हॉर्न मारत होते. दत्ताने मान वर केली नाही. गजरा कुठे जाड, कुठे बारीक असा झाला. तो केळीच्या पानात गुंडाळून निघाला.

"अरे, गाडीचा हार!" मी ओरडलो.

त्याने मागे न बघता हात हलवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचा ट्रेलर कालचा कोमेजलेला हार घेऊन हायवेला लागला. मावशी तो दिसेनासा होईपर्यंत बघत होत्या. त्या दिवशी कुठलाही डे नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रेलर दुकानासमोर येऊन थांबला. दत्ता उतरला नाही. पलीकडचं दार उघडलं आणि सुरेखा उतरली. अंबाड्यात तो वेडावाकडा गजरा, आता तपकिरी पडलेला, पण वास तसाच. ती सरळ मावशींसमोर येऊन उभी राहिली.

"काल गाडी उपाशी राहिली म्हनं," ती म्हणाली. "आज दोन हार द्या."