एकाग्रता उत्तम

कासुर्डीच्या बालवाडीत मुलांना काही शिकवत नाहीत, ही गावाची जुनी तक्रार. गिताबाईंना ती तोंडपाठ झाली होती. "पोरं नुसती मातीत खेळत्यात. एबीसीडी न्हाई, पाढं न्हाई, मग बाई करती काय दिवसभर?" असं पारावर कोणी ना कोणी म्हणायचंच. गिताबाई कधी भांडल्या नाहीत. फार तर म्हणायच्या, दोन तास येऊन बसा आणि मग बोला. बसायला कोणी आलं नाही. बोलायला सगळे होते.

समाजमंदिरामागच्या दोन खोल्यांत ही बालवाडी चौदा वर्षं चालू होती. पुण्याच्या एका संस्थेनं ती काढली, गावानं खोल्या दिल्या आणि धनगरवस्तीवरच्या, दहावी झालेल्या गिताबाईंना संस्थेनं तयार केलं. तयार केलं ते असं, की मूल पुढं आणि बाई मागं. एक कोपरा वाळूचा, एक पाण्याचा, एक धान्य चाळायचा, एक बाहुल्यांचा. सकाळी आलेलं मूल त्याला वाटेल तिकडं जाईल. बाईनं त्याला ओढायचं नाही, घाई करायची नाही, दुसऱ्याशी तोलायचं नाही. जवळ बसून बघायचं आणि बघितलेलं वहीत लिहायचं. कोणतंही मूल मागं नसतं, ते त्याच्या वेळेनं येतं, असं संस्थेच्या अनुपमाताईंनी दौंडच्या पहिल्याच शिबिरात फळ्यावर लिहिलं होतं.

गिताबाईंना हे पटलं त्याला कारण होतं. त्यांच्या लहानपणी वडील तात्याबा मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे, तेव्हा सगळं बिऱ्हाड मागं जायचं. परत येऊन शाळेत बसलं की मास्तर या पोरीला वर्गापुढं उभं करायचे आणि तिला काय काय येत नाही ते सगळ्यांना दाखवायचे. ते उभं राहणं गिताबाई विसरल्या नव्हत्या. आपल्या बालवाडीत कोणाला असं उभं करायचं नाही, ही त्यांनी मनाशी घेतलेली शपथच होती. पद्धत चांगली होती, यात वाद नाही. शेकड्यानं पोरं तिथं हसत आली आणि हसत पहिलीत गेली. पण माणूस एकदा कशाचा भक्त झाला की त्याला समोरचं दिसायचं बंद होतं, आणि गिताबाई भक्त झाल्या होत्या.

हर्षदा आली तेव्हा तिला तिसरं लागलं होतं. बागायतदाराच्या घरातली, सत्यजीत आणि अनिताची थोरली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची, आणि गप्प. पहिल्याच दिवशी ती धान्याच्या कोपऱ्यात गेली आणि चाळण घेऊन बसली. इतर पोरं दर पाच मिनिटाला कोपरा बदलत. ही तासभर हलली नाही. गिताबाईंना पोरीचा लळा लागला तो त्या तासात.

त्यांनी वहीत लिहिलं, "हर्षदा चाळीस मिनिटे गहू चाळत होती. शेजारी दोन मुलांचे भांडण झाले, डबा पडला, मी दोनदा हाक मारली. मान वर केली नाही. एकाग्रता उत्तम."

पुढच्या दौंडच्या बैठकीत अनुपमाताईंनी हे पान सगळ्या बायांना वाचून दाखवलं. निरीक्षण कसं असावं, तर असं. गिताबाई डेमू गाडीनं परत येताना खिडकीशी बसून आपल्याशीच हसत होत्या.

असं दोन वर्षं चाललं. खाऊच्या वेळी बाकीची उठली की हर्षदा उठायची. दार आपटलं, कोणी जवळ धपकन उडी मारली की वळून बघायची. म्हणजे ऐकू येतं, यात शंकाच नव्हती. जमिनीचा हादरा पायाला कळतो, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही. मुलांनी मात्र आपल्यापुरतं ओळखलं होतं. ती हर्षदाला हाक मारायची नाहीत, जाऊन तिच्या खांद्याला हात लावायची. गिताबाईंनी तेही लिहिलं, "मुलांमध्ये स्पर्शातून जवळीक वाढते आहे."

त्यातलं पहिलं वर्ष सरून पोरीला चौथं लागलं तशी अनिताच्या मनात पाल चुकचुकली. एक दिवस ती पोरीला न्यायला आली ती उंबऱ्यातच थांबली.

"बाई, ही 'आई' सुदीक म्हणत न्हाई वो. माझ्या भावाची पोर हिच्याहून सहा म्हैन्यानं ल्हान, ती गाणी म्हणती. बेस्तरवारी पुण्याला कानाच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय."

गिताबाईंनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. "अगं, डॉक्टरकडं नेलं की ते कायतरी नाव देणार. आन् येकदा पोरीला नाव चिकटलं की जल्मभर सुटत न्हाई. माझ्याकडं साडेतीन वर्साची गप्प पोरं आलीत, आज बघ, त्यांचं तोंड बंद करावं लागतंय. हिची वेळ येऊ दे."

हे खोटं नव्हतं. तशी दोन पोरं खरंच होती. घरी विठाबाई, अनिताच्या सासूबाई, यांनीही दुजोरा दिला. "सत्यजीत बी चवथ्या वर्सालाच बोलला. येवढी काय घाई करती?" एकीकडं सासू, दुसरीकडं शिकलेली बाई. अनितानं नंबर रद्द केला.

त्याच पावसाळ्यात सरकारी तपासणीचं पथक आलं. वजनं घेतली, दात बघितले, डोळे बघितले. बरोबरच्या डॉक्टरीणबाई घाईत होत्या, अजून चार गावं करायची होती. "बोलण्यात, ऐकण्यात कोणी मागं आहे का?" त्यांनी विचारलं. मागं हा शब्द ऐकून गिताबाईंचं टाळकं फिरलं. "आमच्याकडं कोण मागं नसतं, मॅडम," त्या म्हणाल्या. मॅडमनी कागदावर रेघ मारली आणि गाडीत बसल्या.

मग पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी गिताबाई जेवणाचा डबा घरी विसरल्या आणि म्हातारे तात्याबा तो घेऊन बालवाडीत आले. ऐंशीच्या पुढचे, काठी टेकत. मेंढरं विकून पंधरा वर्षं झाली तरी आवाज रानातलाच होता. पोरं दाराकडं पाठ करून खेळत होती. त्यांना बघून म्हाताऱ्याला काय लहर आली कोण जाणे, दारातूनच त्यानं कळपाला घालायची हाक घातली. एकवीस पोरं दचकून वळली आणि खिदळायला लागली. हर्षदा गहू चाळत होती.

तात्याबांचं हसू मावळलं. ते काठी न वाजवता पोरीच्या मागं गेले आणि तिच्या डोक्यामागं पुन्हा तशीच हाक दिली. मग दुसऱ्या बाजूनं. पोरीनं चाळणीतला खडा उचलला आणि बाजूला ठेवला.

"गिते, ह्या पोरीला ऐकू येत न्हाई."

"आबा, ती कामात असली की तशीच आसती. तिचं ध्यान..."

"ध्यान न्हाई. कोकरू हाकंला वळलं न्हाई तर आपुन पयलं काय बघायचो?"

गिताबाईंना आठवलं. कान बघायचो. आठ वर्षांच्या असताना त्यांनी स्वतः, बापाच्या सांगण्यावरून, कोकराच्या कानामागं टाळी वाजवून बघितली होती. दहावीचं शिक्षण, चौदा वर्षांची शिबिरं, आणि मेंढपाळाच्या पोरीला जन्मापासून माहीत असलेली गोष्ट तिला म्हाताऱ्या बापानं येऊन सांगावी लागली. त्या पाण्याच्या कोपऱ्याजवळ खाली बसल्या.

अनितानं पोरीला पुण्याला नेलं तेव्हा त्या बरोबर गेल्या. तिनं या म्हटलं नव्हतं आणि नकोही म्हटलं नव्हतं. दोन दिवस तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, बहुधा जन्मापासून. कानाचं मशीन लावू, पुढं ऑपरेशनचंही बघू. पण मेंदू भाषा धरतो ती सुरुवातीची वर्षं हातची गेली आहेत. आता किती येईल ते सांगता येत नाही.

"दीड वर्षापूर्वी इथंच नंबर लावून रद्द केलेला दिसतोय," ते संगणकात बघून म्हणाले. "का?"

गिताबाईंनी वाट बघितली. आता अनिता आपल्याकडं बोट दाखवेल, दाखवू दे. पण अनिता खाली बघत म्हणाली, "घरात काम निघालं हुतं, सायेब."

तिनं आपल्याला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गिताबाईंना वाटलं. परतीला यवत स्टेशनवर उतरताना अनिता एवढंच म्हणाली, "तुमच्या शबुदावर थांबले हुते, बाई." त्यात राग नव्हता. असता तर त्याला काही उत्तर तरी देता आलं असतं.

मशीन आलं. पोरगी जागी असेल तेवढा वेळ ते कानात राहिलं पाहिजे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती काढेल, तुम्ही घाला. रडेल, तरी घाला. रोज तासभर समोर बसवून एकेक आवाज ऐकवा, तोच पुन्हा ऐकवा. बालवाडीतले चार तास मी करते, असं गिताबाईंनी स्वतःहून सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला, अशातलीच ती तऱ्हा, पण झोपा तरी करायला नको का?

हर्षदाला ते मशीन सहन होत नव्हतं. कधी काही न ऐकलेल्या पोरीच्या डोक्यात नुसता खडखडाट शिरत असणार. ती ते ओरबाडून काढायची आणि धान्याच्या कोपऱ्याकडं पळायची. गिताबाई तिला धरून आणायच्या, दोन गुडघ्यांत घट्ट पकडायच्या आणि मशीन पुन्हा बसवायच्या. मग डबडं वाजवायचं. ढम. पुन्हा ढम. पोरगी लाथा झाडायची, चावायची, आवाज न करता रडायची. बाकीची मुलं भिंतीला टेकून बघत राहायची, कारण बाई कोणावर जबरदस्ती करते हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. चौदा वर्षांत गिताबाईंनी एका पोराचाही हात ओढला नव्हता, आणि ओढायची वेळ आली ती नेमकी लळा लागलेल्या पोरीवर.

अनुपमाताई एकदा येऊन बघून गेल्या. "तुमची चूक नाही, गिताबाई, पद्धत चुकीची नाही," असं दोन्ही त्या एकाच दमात म्हणाल्या. मग चूक कोणाची, ते गिताबाईंनी विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं.

तीन महिने झाले. डबड्याला पोरगी कधी वळते, कधी वळत नाही. बोलणं अजून नाही. आणि आता रोज सकाळी बालवाडीचं दार ढकलायचं गिताबाईंच्या जिवावर येतं.

काल त्या जरा उशिरा पोचल्या. मुलं आधीच आली होती, मदतनीस बाईनं खोली उघडली होती. हर्षदा बाहुल्यांपाशी दोन मुलींबरोबर खेळत होती, तोंडभर हसत होती. मशीन अजून डब्यातच होतं. दारात सावली पडली तशी तिनं वर बघितलं. कोण आलंय ते दिसल्याबरोबर तिनं हातातली बाहुली टाकली, भिंतीला पाठ लावून बसली आणि दोन्ही हातांनी आपले कान गच्च दाबून धरले.

गिताबाईंनी पिशवी खुंटीला अडकवली, पोरीच्या समोर खाली बसल्या आणि तिची बोटं एकेक करून सोडवायला लागल्या.