पाठमोऱ्या इंदूआक्का

शर्यतीत धावणाऱ्या गाडीचा गिअर नेमका कोणत्या क्षणी बदलावा, हा प्रश्न घेऊन मी त्या हिवाळ्यात दर रविवारी कोळवणला जात असे. पौडच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर एखादा प्रश्न लागतोच. काहींना राजकारणाचा लागतो, मला गिअरचा लागला. उत्तर मिळाले, परंतु ते ज्या बाईंकडून मिळाले, त्या शर्यतीकडे पाठ करून बसत.

भाताची कापणी झाली की एका शहरी बंगलेवाल्याच्या खाचरांत बांध सपाट करून मातीचा वळणावळणाचा मार्ग आखला जाई. हिंजवडीच्या कचेऱ्यांतून तरुण मंडळी येत. फेरीआधी ते एकमेकांची छायाचित्रे काढत आणि फेरीनंतर एकमेकांना कारणे सांगत. या सगळ्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर, मार्गाकडे पाठ करून, मांडीवरच्या सुपात तांदूळ निवडत इंदूआक्का बसलेल्या असत. मागून गाडी गेली की मान न वळवता त्या निकाल देत : "ह्यानं लवकर टाकला. आता फुडं कण्हंल." आणि गाडी खरोखरच पुढे कण्हत असे.

पहिल्या रविवारी मी शिक्षकाच्या सवयीने त्यांना सुधारायला गेलो. "बाई, शर्यत त्या बाजूला आहे."

"ठाव हाय, गुर्जी. यस्टीबी त्याच बाजूनं येती. तुमी वाट बघत हुता न्हवं?"

हा टोमणा समजण्यासाठी थोडा मागचा धडा सांगितला पाहिजे. पती वारल्यावर इंदूआक्कांनी त्यांची प्रवासी जीप स्वतः हाकायला घेतली, पौड ते कोळवण. त्या काळी एकदा मी पौडच्या स्टँडवर जीपजवळ गेलो, स्टिअरिंगमागे बाई बसलेली पाहिली, आणि "मागून एस.टी. येतेच आहे" असे म्हणून मागे सरलो. एस.टी. सव्वा तासाने आली. ही गोष्ट मी विसरलो होतो. त्या विसरल्या नव्हत्या.

त्यांच्या जिभेच्या तडाख्यातून कोणी सुटत नसे. अद्वैत नावाचा एक उमदा संगणक अभियंता त्यांना प्रेमाने म्हणाला, "काकू, तुम्ही एकदा बघा तरी माझा ड्राइव्ह!"

"ऐकतीय की, बाळा. सर्दी झालेल्या म्हशीगत वाजतुया."

स्तुती हा शब्द त्यांच्या शब्दकोशात नव्हता. मुलीसाठीही नव्हता. मुलगी सारिका, वय सव्वीस, आता तीच जीप चालवी. घरोघरी दुचाक्या आल्यामुळे जीप निम्मी रिकामी धावत होती आणि त्यावर दोघींचे भागणे दिवसेंदिवस कठीण झाले होते. अशा वेळी नेऱ्याच्या एका गॅरेजमालकाने, ज्यांना सगळे शेठ म्हणत, शर्यतीची एक गाडी तयार केली. तिच्यासाठी त्यांना एक चालक हवा होता : मोसमभर शर्यती आणि वर्षभर गॅरेजात कायमची नोकरी. चाळणी लागून शेवटी दोघे उरले, अद्वैत आणि सारिका. अद्वैतला ही हौस होती. सारिकाला ती भाकरी होती.

सारिकाचा दोष मी लगेच ओळखला. तिचा पाय जीपमध्ये वाढलेला होता. डिझेलच्या जीपला इंजिन सावकाश फिरत असतानाच जोर असतो. शिवाय गिअर लवकर वर टाकला की डिझेल वाचते. शर्यतीच्या पेट्रोल गाडीत हीच काटकसर घातक ठरते. म्हणून मी आलेखकागदावर प्रत्येक गिअरची ओढ वेगानुसार काढली आणि तिला समजावले, "दोन रेषा जिथे छेदतात, तिथे बदल. त्याआधी बदललास तर पुढचा गिअर दुबळा, नंतर बदललास तर मागचा दमलेला. या गाडीत तो आकडा मिनिटाला सहा हजार दोनशे फेरे."

इंदूआक्कांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "ह्यात वळण कुटं हाय?"

"वळण यात येत नाही. हा सरळ रस्त्याचा आलेख आहे."

"मंग आदी सरळ रस्ता बांधून घ्या." आणि त्यांचे ते नेहमीचे वाक्य आले : "गिअर बदलताना गाडी पोरकी अस्ती, गुर्जी. क्लच दाबला की तिला वडणारं कोण न्हाई. भरल्या जीपनं ताम्हिणीचा चढ चढा, मंग कळंल. वर काय हाय ते बघूनच पोरकी करायची."

हे मला वाङ्मय वाटले, विज्ञान वाटले नाही. मी हसलो. ते हसू मला पुढे महाग पडले, आणि जवळजवळ सारिकालाही.

निवडीच्या दिवशी गाडी एकच होती, फेऱ्या तीन-तीन. घड्याळ माझ्या हाती होते. अद्वैतची उत्तम फेरी बावन्न सेकंदांची झाली. सारिकाची पहिली पंचावन्न, पाय जीपमधलाच. "डिझेल वाचवतीया," खुर्चीतून निकाल आला. दुसऱ्या फेरीत तिने माझा आकडा तंतोतंत पाळला. जांभळीच्या झाडाजवळ एक तीव्र वळण होते आणि त्याच्या अलीकडे जेमतेम सरळ मार्ग. तिथे काटा सहा हजार दोनशेवर पोचला, आज्ञाधारक विद्यार्थिनीने तिसरा टाकला, आणि तो लागतो न लागतो तोच ब्रेक दाबून पुन्हा दुसरा टाकावा लागला. बावन्न पूर्णांक चार. माझा आकडा बरोबर होता; त्याला पुढे किती रस्ता उरला आहे एवढेच ठाऊक नव्हते.

तेव्हा इंदूआक्कांनी प्रथमच सूप खाली ठेवले आणि त्या गाडीच्या खिडकीशी गेल्या. "सारके, जांभळीच्या आदी दुसऱ्यातच ऱ्हा. वरडू दे तिला. उगं पोरकी करू नगं."

तिसऱ्या फेरीत जांभळीपाशी इंजिन किंचाळत राहिले, पण तिने तिसरा टाकलाच नाही. एक्कावन्न पूर्णांक चार.

मी आकडा मोठ्याने वाचला. शेठ मात्र हनुवटी खाजवत उभे राहिले. "सर, एखादी फेरी नशिबानं जाती. पोरगी चांगली हाय, न्हाई म्हणत न्हाई. पण अद्वैत गाडीत कसा बसतो बघा! डोळ्याला पटलं पायजे ना."

सारिका शिरस्त्राण काखेत धरून ऐकत होती. इंदूआक्कांनी आपली खुर्ची उचलली आणि शेठपुढे आपटली.

"बसा. पाठ करून बसा. डोळ्याला बाई दिसती, शेठ. कानाला नुसती गाडी ऐकू येती."

इतके रविवार ज्या खुर्चीची मी गंमत पाहत होतो, तिचा अर्थ मला त्या वाक्याने कळला. पौडच्या स्टँडवर माझ्या डोळ्यांनाही बाईच दिसली होती.

चार माणसांसमोर माघार घेता येईना, म्हणून शेठ बसले. इंदूआक्कांनी त्यांच्या मांडीवर सूप दिले : "रिकामं नका बसू." मी दूर जाऊन नाणे उडवले आणि कोण आधी जाणार ते ठरवले. एकेक फेरी झाली.

"दुसरी," शेठ ठामपणे म्हणाले. "पयल्या गाडीचा सूर जांभळीपाशी तुटला. दुसरीचा तुटलाच न्हाई. दुसरा अद्वैत हुता, व्हय ना?"

"दुसरी सारिका होती," मी म्हणालो.

शेठ बराच वेळ तांदळातले खडे वेचत राहिले. मग न वळताच म्हणाले, "सोमवारी गॅरेजवर ये म्हणावं तिला." अद्वैतने पुढे होऊन सारिकाशी हात मिळवला, हे त्याच्याबद्दल नोंदवले पाहिजे. इंदूआक्का मुलीला एवढेच म्हणाल्या, "पयल्या फेरीत किती डिझेल वाचलं, ते गुर्जींकडनं मोजून घे." माझा आलेख मला सुपाशेजारी सापडला. त्याच्यावर वेचलेले खडे ठेवले होते.

सारिका आता नेऱ्याला असते, म्हणून जीप पुन्हा इंदूआक्काच चालवतात. परवा पौडच्या स्टँडवर जीप माझ्यापुढे थांबली. "यस्टी मागनं येतीया, गुर्जी," त्या म्हणाल्या. मी पुढच्या सीटवर चढून बसलो. चढावर त्यांनी गिअर बदलला तो मला कळलाही नाही.

तर प्रश्नाचे उत्तर असे : रेषा छेदतात तिथे गिअर बदलावा, पण पोरकेपणात गेलेला वेळ भरून निघेल एवढा रस्ता पुढे असेल तरच, नसेल तर इंजिनाला ओरडू द्यावे. हे मी सांगतो म्हणून मानू नका. माझ्या आकड्याने एकदा फसवले आहे. पुढच्या शर्यतीला जाल तेव्हा मार्गाकडे पाठ करून बसा, चालक कोण हे कोणाला विचारू नका, आणि स्वतः तपासून पाहा.