फुलमतीच्या अंगणातला दगड

हे मी आजवर कुणाकडेच बोललेलो नाही. बायकोकडे नाही, मुलीकडे तर नाहीच. निवृत्त झाल्यावर उज्जैनला परत आलो, माधव नगरात घर घेतलं. इथले लोक मला भला माणूस समजतात — आणि मी समजू देतो. तुम्हाला सांगतोय खरा, पण सुरुवात कुठून करू?

मी मध्य प्रदेशच्या पार पूर्वेला, एका कोळसा खाणीत सुरुंगांचा प्रमुख होतो. खाण खुली होती. म्हणजे बोगदे वगैरे नाहीत. जमीनच वरून सोलत न्यायची. आधी जंगल, मग माती, मग खडक, आणि तळाला कोळसा. खडक फोडायला रोज दुपारी दोनला स्फोट. भोंगा वाजायचा, माणसं लांब जायची, आणि टेकडीएवढा खडक फुगून फाटायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? पायाखालची जमीन हादरली की वाटायचं, हे मी केलंय.

खाणीच्या कडेला एक वस्ती होती. बरेचसे लोक उठून गेलेले, चार-पाच घरं उरलेली. त्यांच्या भिंतींना आमच्या स्फोटांनी तडे गेले होते. ओढा आमच्या मातीच्या ढिगाऱ्यांनी बुजला होता. विहिरीचं पाणी आधी काळं झालं, मग तळाला गेलं. तिथला बुधसेन दर आठवड्याला तक्रार घेऊन यायचा. मी त्याला ऑफिसच्या दारातूनच हाकलायचो.

एके दिवशी तो त्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेऊन आला. मी नकाशातून मान वर केली नाही. त्यानं बाटली माझ्या डोक्यावर उपडी केली. दारातले कामगार हसले. मी उठून त्याला लाथ घातली. तो पडला — पडल्यावरही घालत राहिलो, बरगड्यांत, तोंडावर, लोकांनी मला मागे ओढेपर्यंत. तरी ते हसणं कानातून जाईना.

दुसऱ्या दिवशी वस्तीच्या बाजूची, खडकात पाडलेल्या भोकांची रांग उडवायची होती. त्या बाजूच्या भोकांत स्फोटक कमी भरायचं, वर वाळूच्या गोण्या रचायच्या, म्हणजे दगड उडत नाहीत. हा नियम मीच पोरांना शिकवायचो. त्या दिवशी मी भोकं जास्त भरायला लावली. गोण्या काढायला लावल्या. सुरुंग उडवणारा तिवारी घुटमळला.

"साहब, उधर घर हैं।"

मला दिसतात, म्हणालो मी.

चूक झाली असं मी पुढे लिहून दिलं असतं, तरी चाललं असतं. पण ती चूक नव्हती. मला बुधसेनची भिंत पाडायची होती. भिंतीपाशी माणूस असेल हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. तेव्हा ते माझ्या लेखी काही नव्हतं.

स्फोट झाला. दगड वस्तीवर कोसळताना मी पाहिले, आणि जीप घेऊन एकटाच तिकडे गेलो — भिंत पडली का ते बघायला. हो, त्यासाठीच.

भिंत उभी होती. भोंगा वाजल्यावर वस्तीतले लोक नेहमीसारखे पलीकडच्या माळावर गेले होते. बुधसेन माझीच तक्रार करायला तहसीलला गेला होता. अंगणात त्याची आई पडली होती, फुलमती. भिंतीतले तडे ओल्या मातीनं बुजवत ती मागेच राहिली होती. जात्याच्या पाळूएवढा दगड तिच्या खांद्यावर आला होता. हात नुसता कातड्याला लोंबत होता, अर्धा चेहरा आत गेला होता. भिंतीवर रक्त उडालं होतं.

ती जिवंत होती. तिचा एक डोळा माझ्याकडे बघत होता.

दवाखाना दहा मिनिटांवर होता. मी काय केलं? तिच्याच घमेल्यातली माती घेऊन भिंतीवरचं रक्त लिंपलं. जमिनीवरच्या रक्तावर पायानं धूळ ओढली. दगड जीपमध्ये चढवला, मग तिला चढवलं. आणि दवाखान्याकडे न जाता आधी ढिगाऱ्याकडे गेलो, दगड फेकायला. ती मागे कण्हत होती. "पानी" म्हणाली, दोनदा. दगड खाली गडगडत जाईपर्यंत मी बघत उभा राहिलो. परत फिरलो तेव्हा कण्हणं थांबलं होतं. तिच्या हाताची ओली माती मी रुमालानं पुसली.

ती खाणीत कोळसा चोरायला शिरली होती, तिथेच दगड लागला, मी तिला उचलून दवाखान्यात आणलं — असं मी लिहून दिलं. तिवारीनं खाली सही केली. साहेबानं स्वतःच्या गाडीत घातलं, म्हणून कौतुक झालं. बुधसेन आला. त्याचे ओठ माझ्या लाथांनी अजून सुजलेले होते. त्यानं माझे पाय धरले, आणि मी धरू दिले. पुढे खाण सरकली. ते अंगण, ती भिंत, सगळं मीच उडवलं.

गेल्या वर्षी त्याचा फोन आला. आईचं पिंडदान करायला उज्जैनला येतोय, आपणही या म्हणाला. गेलो. राम घाटावर गुरुजींनी त्याला विचारलं, काही मागायचंय का. त्यानं हात जोडले.

"माँ ने चोरी की थी, महाराज। भगवान उसे माफ कर दे।"

मी त्याच्या शेजारी बसलो होतो. गुरुजींनी मंत्र म्हटला. बुधसेननं माझ्याकडे बघितलं, आणि मी मान हलवली — हो, करेल माफ, अशी.

मग त्याला स्टेशनवर सोडलं. त्याला अजून काही माहीत नाही.