वीस वर्षांचे उत्तर मागे घेताना

डॉ. मालती भोईर यांना मी प्रथम पाहिले ते भिवंडीतल्या आमच्या महाविद्यालयात, फळ्यासमोर. न्यूट्रिनो हा सूक्ष्म कण अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातो, असे त्या शिकवत होत्या. मी तिथल्याच नारपोली वस्तीतली, कापडाच्या लूमच्या खडखडाटात मोठ्याने बोलायची सवय. "मग तो सापडतो कसा?" मी जवळजवळ ओरडूनच विचारले. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "क्वचित एखादा अडतो. आपण वाट पाहायची," त्या म्हणाल्या. पुढे पीएच.डी.साठी मी त्यांच्याकडेच आले.

सक्रिय दीर्घिकांच्या केंद्रात प्रचंड कृष्णविवर असते. अतिऊर्जावान न्यूट्रिनो तिथे नेमके कुठे जन्मतात, हा मॅडमांचा वीस वर्षांचा विषय. कृष्णविवराजवळून दूरवर फेकल्या जाणाऱ्या झोतांत, असे त्यांचे मत होते. एका दीर्घिकेच्या नोंदी तपासताना मला वेगळेच दिसले. न्यूट्रिनो येत होते, पण त्यांच्या जोडीने यायला हवेत ते गॅमा किरण जवळपास नव्हतेच. म्हणजे जन्म कृष्णविवराच्या अगदी लगत, जिथल्या दाटीत गॅमा किरण अडकतात आणि न्यूट्रिनो तेवढे निसटतात. याच दीर्घिकेवरचा मॅडमांचा लेख तेव्हा प्रसिद्धीसाठी गेलेला होता. दोन आठवडे मी गप्प राहिले.

अखेर एका रविवारी वळ गावी त्यांच्या घरी गेले. मॅडमांनी माझ्या आकडेमोडीची पाने घेतली आणि तासभर मान वर केली नाही.

"किती वेळा तपासलंस?"

"चार वेळा. दोन आठवडे झाले."

"मग सांगायला इतके दिवस का लावलेस?"

"तुमची वीस वर्षं आहेत यात, मॅडम."

"वर्षं माझी आहेत गं. न्यूट्रिनो माझे नाहीत."

त्यांच्या आई दारातून ऐकत होत्या. "म्हंजे तुजं चुकलं का गो?"

"हो आये. या दीर्घिकेपुरतं तरी चुकलं."

"मंग पोरीला जेवल्याबिगर सोरू नको."

दुसऱ्याच दिवशी मॅडमांनी लेख मागे घेतला. नव्या लेखावर माझे नाव त्यांनी आधी घातले. नंतरच्या जाहीर व्याख्यानात त्यांचे पहिलेच वाक्य होते, "मी तुम्हाला शिकवलेला एक भाग आज दुरुस्त करते." त्यांना ते सोपे गेले नव्हते.

आता मीही शिकवते. एखादी विद्यार्थिनी माझी चूक दाखवते तेव्हा आधी राग येतो. मग मी तिला शेजारी बसवते आणि तिची पाने वाचते. हे मी मॅडमांकडून शिकले.

मॅडमांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. बाकीच्या दीर्घिकांचे काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही आणि त्या रोज सकाळी त्याच कामाला बसतात. त्याचे उत्तर हाती येईपर्यंत, आणि तेही चुकले तर नव्याने मांडता येईल इतके, निरोगी आयुष्य त्यांना लाभो.