शबनमचा पुढचा पाय

जनावरांच्या दवाखान्यात जनावरं मुकी असतात. पण त्यांना घेऊन आलेली माणसं नंबर येईपर्यंत बोलत राहतात. मी आमच्या डॉक्टरांची गाडी चालवतो आणि इंजेक्शन देताना जनावर धरतो. मला स्वतःला फारसं बोलता येत नाही. म्हणून सगळ्यांचं बोलणं माझ्याकडं साठत जातं. शाळा नववीत सुटली, लिहायचा सराव नाही. तरी थोडं उतरवून ठेवतो.

*

सांगलीत आमच्याकडं स्टेम सेलचा उपचार सुरू झाला, तेव्हा पहिले आले औंधचे रिटायर सुभेदार. सोबत म्हातारा लॅब्रेडॉर, मागचे सांधे आखडलेले. डॉक्टरांनी समजावलं, की कुत्र्याच्याच अंगातली थोडी चरबी काढायची, लॅबमध्ये तिच्यातल्या पेशी वाढवायच्या आणि दुखऱ्या सांध्यात सोडायच्या.

"म्हणजे मागं राखीव ठेवलेले जवान पुढच्या चौकीवर धाडायचे," सुभेदार म्हणाले.

"हो. पण जवान गेले म्हणजे चौकी राहतेच असं नाही."

"ते मला नका सांगू, डॉक्टर."

*

कुत्रं चालायला लागलं. "यमाईच्या देवळाच्या पायऱ्या माझ्याआधी चढून वर जातं आणि माझी वाट बघत बसतं," अशी सुभेदार तक्रार करायचे.

पुढं एकदा त्यांचा फोन आला. कुत्रं किडनीच्या आजारानं गेलं होतं. सुभेदारांनीच डॉक्टरांना धीर दिला, "पाय मातूर शेवटपर्यंत चांगलं होतं."

*

आटपाडीकडचा एक मेंढपाळ गाडीखाली सापडलेलं कुत्रं घेऊन आला. त्यानंही या उपचाराचं ऐकलं होतं. डॉक्टरांनी कुत्र्याच्या पाठीवर, पोटाखाली चिमटीत कातडी धरून बघितली. काढायला चरबीच नव्हती.

"आमच्यात कुणाच्याच अंगावर न्हाई," मेंढपाळ म्हणाला. "माझी चालंल का बघा की."

तो चेष्टा करत नव्हता.

*

आता शबनम. तासगावच्या इकबालचाचांची पांढरी घोडी. लग्नात नवरदेव मिरवायची आणि वरातीत नाचायची. बाजा थांबला तरी ती थांबायची नाही. नवरदेवाकडच्या कुणीतरी तिच्या कपाळावरून नोट ओवाळली, की मगच पाय खाली ठेवायची. चाचांनी तिला लहानपणापासून तसंच शिकवलं होतं.

नाचतानाच तिच्या पुढच्या पायाची शीर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, फाटली. डॉक्टरांनी पेशी सोडल्या आणि चाचांना बजावलं, की शीर पूर्ण भरेपर्यंत घोडीला फक्त हातात धरून हळूहळू चालवायचं. "परत फाटली तर माझ्याकडं दुसरा इलाज नाही."

"आन् मग?"

डॉक्टर हात धुवायला वळले. न नाचणारी, लंगडी घोडी कुठं जाते, ते चाचांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

*

लग्नसराई आली. वरातीचा आवाज कानावर पडू नये म्हणून चाचांनी घोडी गावाबाहेर, एका रिकाम्या बेदाण्याच्या शेडमध्ये नेऊन बांधली. स्वतःही तिथंच झोपायला लागले.

घरच्या लग्नालाही चाचा जेवणापुरतेच गेले. बायको म्हणाली, "तिचीच सवत म्हणून मला आणली हुती काय?" चाचा म्हणाले, "न्हाई. ती नंतर आली."

*

सोनोग्राफीत शीर छान भरताना दिसली. अजून थोडे दिवस कळ काढा, असं डॉक्टर म्हणाले. चाचांनी आनंदानं ती बातमी बँडवाल्यांना सांगितली. शबनम वर्षानुवर्षं त्यांच्याच पुढं नाचलेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पायाचं बँडेज बदलायला शेडवर गेलो. बँडेज बांधून झालं आणि बँडवाले आले. घोडीसाठी गूळ आणला होता. सगळ्यांनी तिच्या मानेवरून हात फिरवला. क्लॅरिनेटवाला म्हातारा म्हणाला, "वळखती का बघू," आणि त्यानं अगदी हळू, वरातीतली एक ओळ वाजवली.

शबनमनं कान उभे केले. मग पुढचे दोन्ही पाय उचलले.

चाचा ओरडले. बाजा लगेच थांबला. मी दावं धरून लोंबकळलो. शबनम नाचतच राहिली.

चाचांनी खिसे चाचपले. एक चुरगळलेली दहाची नोट निघाली. ती त्यांनी तिच्या कपाळावरून ओवाळली.

तेव्हा ती थांबली. तीन पाय खाली ठेवले. चौथा ठेवला नाही.

चाचा माझ्याकडं वळून म्हणाले, "नाचली मातूर झकास. व्हय ना रं?"