बक्षिसाचे चार दिवस

वॉशिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत ती एकोणीस वर्षं तक्रारींचे फोन घ्यायची, म्हणून विभागात सगळे तिला तक्रारताई म्हणत. मशीन पाणीच सोडत नाही, मशीन स्वयंपाकघरभर चालत सुटतं, मशीनमध्ये सासऱ्यांची कवळी गेली, असलं काय काय दिवसभर ऐकायचं आणि आवाज न चढवता उत्तर द्यायचं.

त्या वर्षी विभागाला उत्तम कामाचं बक्षीस मिळालं. दूरच्या एका बेटावर चार दिवसांचा गाण्याबजावण्याचा आणि सर्फिंगचा महोत्सव, त्याची सात तिकिटं. दीड महिन्यात विभागच बंद झाला. साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत उभं करून कामावरून काढलेल्यांची सात नावं वाचली, शेवटचं स्वतःचं. तिकिटं तेवढी रद्द होत नव्हती.

"जाऊन ये गं वहिनी," वरच्या मजल्यावर राहणारी नणंद म्हणाली. "घरात बसून भिंतींशी बोलणार आहेस का?"

ती गेली. जाऊ नये असंही तिला वाटत नव्हतं.

बोटीतून उतरली तर धक्क्यावर साहेब एकटेच. फुलाफुलांचा शर्ट, दुकानातली घडी अजून मोडलेली नव्हती. बाकीच्या पाचांनी पाठ फिरवली होती.

"आलात?"

"आले."

दोघं आपापली पिशवी उचलून चालू लागले.

मनगटाला प्रवेशाचा पट्टा, वाळूत तंबू, समोर मंच, उजवीकडे समुद्र. पोरं नाचत होती, ढोलाचा ठोका छातीत बसत होता. तिच्या आत मात्र काही हलत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, मग आपलंच तोंड परकं वाटतं, तसं अंगभर झालं होतं. दोन दिवस ती रांगेत उभी राहून जेवली. काय जेवली, ते सांगता आलं नसतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवशिक्यांचा सर्फिंगचा वर्ग होता, लाटेवर फळी घेऊन तिच्यावर उभं राहायचं. शिकवणारी बाई पन्नाशीची, उन्हानं रापलेली. पहिल्या लाटेला साहेब आडवे झाले. दुसऱ्या लाटेनं फळी उलटून त्यांच्या कपाळावर आदळली. तक्रारताईनं दंडाला धरून त्यांना वाळूवर आणलं, टॉवेल दाबला, आणि तोंडातून सवयीनं निघालं, "त्रास नेमका कधीपासून सुरू झाला?"

साहेब हसायला गेले ते राहिलंच. "मार्चपासून," ते म्हणाले. "वरून काढायला चारच नावं मागितली होती. मला निवडता येईना. मग मीच लिहून दिलं, अख्खा विभाग बंद करा."

"म्हणजे तिघं राहिले असते?"

"हो."

"राहणाऱ्यांत मी होते?"

"सगळ्यांत आधी तुम्ही."

तिनं वाट पाहिली. आता राग येईल, निदान रडू तरी फुटेल. समोर एक लाट फुटली, मागोमाग दुसरी.

"टॉवेल दाबून धरा," ती म्हणाली. "सोडू नका."

वर्ग संपायला अजून अर्धा तास होता. ती पुन्हा पाण्यात शिरली, फळीवर पालथी पडली, बाई ओरडली तेव्हा उठली. दोन श्वास उभी राहिली असेल, मग धप्पकन पडली. नाकात खारं पाणी गेलं, गुडघा खरचटला. बाईनं टाळ्या वाजवल्या. तिनंही मान डोलावली.

परतीच्या बोटीत साहेब वर बसले, ती खाली झोपली. घरी आल्यावर नणंदेनं विचारलं, "कसं होतं?"

"समुद्र मोठा आहे," ती म्हणाली.

दोन महिन्यांनी तिला डोळ्यांच्या एका दवाखान्यात फोन घ्यायच्या कामाला घेतलं, आवाज शांत आहे म्हणून. राग आला तो तिथं, एका मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत. असा आला की डब्याचं झाकण हातातून सुटलं आणि फरशीवर गरगरत राहिलं.

"काय झालं हो?" शेजारच्या नर्सनं विचारलं.

"काही नाही. जुनंच आहे." तिनं झाकण उचललं, धुतलं, आणि डबा संपवला.