बाईंची निळी शाल

दुसरीच्या बाई वर्गात कधी खुर्चीला टेकत नसत. शिकवतानाही त्यांची येरझार चालूच. या आठवड्यात त्यांनी मुलांना इस्पितळातल्या रुग्णांसाठी गरम कपडे आणायला सांगितलं होतं. खोकं उघडलं, तर चेन तुटलेले स्वेटर आणि जोडी हरवलेले मोजे निघाले.

"आपल्याला नकोसं झालेलं दुसऱ्याला देऊ नये. आवडीचं द्यावं," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही काय दिलंत?" पहिल्या बाकावरच्या मुलीने सहज विचारलं.

बाईंनी नवऱ्याचा अस्तर फाटलेला कोट दिला होता. त्या दिवशी फळ्यावरची साधी बेरीज त्यांची दोनदा चुकली, घरी भाजी करपली. जीव थाऱ्यावर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बहिणीने विणलेली निळी शाल कपाटातून काढली, परत ठेवली, पुन्हा काढली.

वर्गात त्यांनी कोट बाजूला केला आणि शाल खोक्यात ठेवली. "काल मी फाटका कोट दिला होता. आज ही देतेय. पण खरं सांगू? अजून जिवावर येतंय."

"माझं पण तसंच होतंय," म्हणत त्या मुलीने दप्तरातून आपली लाल टोपी काढली.

दुपारी खोकं न्यायला गाडी आली, तेव्हा बाई आणि ती मुलगी खोक्याच्या मागोमाग फाटकापर्यंत गेल्या.